चार स्क्रूंचं मशीन

ज्यांना कोणी नसतं ते कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेतात. ज्यांच्या घरी माणूस आहे ते सुटे भाग आणून जोडून घेतात. हे वाक्य माझं नाही, म्हणजे आत्ताच्या माझं नाही. पंचेचाळिशीतली एक बाई अमरावतीत, राजापेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हे ऐकवायची. ती बाई मीच, पण तिचं-माझं फारसं पटत नाही. टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झाल्याचा तिला गर्व होता, मुलगा इंजिनीअरिंगला असल्याचा त्याहून मोठा. आणि घरच्या माणसाने बसवलेल्या वस्तूत खोट निघत नाही, असा तिचा पक्का समज होता.

मुलाने अकोल्यातल्या एका मित्राच्या दुकानातून भाग आणले. जमिनीवर चादर अंथरली आणि त्यावर सगळं मांडलं. बाई टॉर्च धरून बसली. हा मदरबोर्ड, असं त्याने सांगितल्यावर बाईने साडीचा पदर सारखा केला. नावच तसं भारदस्त होतं. रॅमची पट्टी खाचेत बसताना ‘कट’ असा आवाज आला, तर हिच्याच काळजात कट झालं. शेवटी मशीन सुरू झालं तेव्हा तिने पोराच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग मशीनला झालर लावलेलं कव्हर शिवलं आणि खोलीच्या दाराशी चपला काढायचा नियम केला.

पण खरा कहर पुढेच आहे. आमच्याकडे उन्हाळा काय असतो ते अमरावती-अकोल्याच्या माणसाला सांगायला नको. होळी झाली की खिडकीत कूलर बसतो, तो पाऊस येईपर्यंत. बाईने विचार केला, आपल्याला एवढं गरम होतं, तर लोखंडी डब्यात कोंडलेल्या या जिवाला किती होत असेल. तिने कूलरचं तोंड मशीनकडे केलं. सगळा उन्हाळा मशीनला वाळ्याच्या वासाचा थंड वारा, आणि आम्ही नवरा-बायको कोपऱ्यात पंख्याखाली. हे म्हणायचे, “अवो, आमच्यावर बी कधी वारं सोडत जा. आमी बी असेंबलच आहो.”

कूलरचा वारा ओला असतो, ओल्या वाऱ्याने आतले भाग गंजतात, आणि आमच्या बोअरचं पाणी असलं जड की कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पांढरे खवले धरतात. तेच खवले वाऱ्याबरोबर मशीनच्या पोटात जाऊन बसत होते. हे कळायला बाईला कितीतरी उन्हाळे लागले. कळल्यावरही तिने कूलर फिरवला नाही, नुसता थोडा तिरपा केला. मायेला अक्कल लागत नाही, म्हणतात. ती बाई त्याचा नमुना होती.

वर्षं गेली. कॅबिनेट तेच राहिलं, पोटातलं सगळं दोन-तीनदा बदललं. बदलणारा हात मात्र एकच, मुलाचा. त्याला अकोल्यात नोकरी लागली, लग्न झालं, नातवंडं झाली. हे गेले. मी आणि मशीन राजापेठेत राहिलो. ट्यूशन क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, लग्नाच्या पत्रिका, कोणाचा प्रबंध, असं काम येत राहिलं. आणि दरवर्षी एप्रिलात, जयंतीला, आमच्या वस्तीच्या महिला मंडळाची स्मरणिका. वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया आपापलं आयुष्य सांगतात, मी ते टाइप करते, पानं लावते, आणि जयंतीच्या आधी फाइल छापखान्यात जाते. हे काम मी कोणालाही देत नाही.

मशीन किरकोळ बिघडलं तर मीच उघडायची. रॅमच्या पट्टीची पितळी कडा खोडरबराने घासायची आणि परत बसवायची. अर्धे रोग त्यानेच बरे होतात. कॅबिनेटच्या झाकणाला मागे चार स्क्रू असतात. मी दोनच लावायची. सारखं उघडायचं तर चार कशाला. उरलेले दोन ड्रॉवरमध्ये, सुई-दोऱ्याच्या डबीत.

मागच्या मे महिन्यात मी प्रश्नपत्रिका टाइप करता करता खुर्चीतून खाली पडले. उष्माघात वगैरे मोठं नाव डॉक्टरांनी दिलं. मी पाणी प्यायला विसरले होते, एवढंच. शेजारच्या क्लासच्या मॅडमनी रिक्षात घालून नेलं, सलाईन लागलं. मुलगा अकोल्याहून धावत आला. माझ्या पलंगाशी बसून तो रडला, ते मी डोळे मिटून ऐकलं. त्या दिवसापासून त्याचा एकच धोशा. अकोल्याला चल.

या वर्षी होळी झाल्यावरच्या रविवारी तो कूलर बसवून द्यायला आला. ताट्या बदलल्या, पाणी भरलं, मग जेवायला बसलो.

“आई, किती दिवस असं एकटीनं राहशील?”

“एकटी कुठं? मशीन आहे, क्लासचे पोट्टे आहेत, मंडळ आहे.”

“तुह्यानं आता काम होत नाही.”

“कोणं सांगितलं?”

“बरं, मंग यंदाची स्मरणिका तरी येळेवर निघते का?”

मी वरणात भात कालवत होते, हात थांबवला. “नाही निघाली तं बिस्तरा गुंडाळून तुह्याकडे येईन. जा.”

“पाह्य बरं. मांगून म्हणशील, म्या गमतीनं म्हणलं.”

“लेका, तुही माय गमतीनं रडत बी नाही.”

त्याने हसून पोळी मागितली. मला वाटलं, कशी जिंकले. जेवण झाल्यावर तो म्हणाला, आलोच आहे तर मशीन साफ करून देतो. त्याने ब्लोअर सोबत आणला होता. मी ओट्यापाशी भांडी विसळत होते. आतून घूं घूं आवाज येत होता आणि मला त्या आवाजाचंसुद्धा कौतुक वाटत होतं. जाताना तो म्हणाला, “आता उघडू नको हां. नवीन पेस्ट लावली आहे आत, प्रोसेसर थंड ठेवाले. आन हात थरथरतात तुहे, करंट-बिरंट लागन.” माझे हात थरथरत नाहीत. पण पोराने एवढ्या काळजीने सांगितलं, म्हणून मी ते ऐकून घेतलं.

दोन दिवसांनी मशीन बिनसलं. टाइप करता करता पडदा निळा झाला आणि त्यावर तोंड पाडलेला चेहरा आला. बंद करून सुरू केलं, चाललं. थोड्या वेळाने परत तोंड पाडलं. मग प्रिंटर गायब. डिव्हाइस मॅनेजर उघडलं तर प्रिंटरच्या नावाला पिवळा त्रिकोण. त्याचा ड्रायव्हर काढून परत टाकला, त्रिकोण गेला. दुसऱ्या दिवशी तो आवाजाच्या कार्डावर जाऊन बसला. मग एक नवीनच ओळ दिसायला लागली, अनोळखी डिव्हाइस. माझ्या घरात, माझ्या मशीनमध्ये अनोळखी कोण शिरलं, म्हणून मी केबल बदलली, की-बोर्डची पिन दुसऱ्या खाचेत घातली, माऊस काढून पाहिला. लग्नघरात लाडू कमी पडले की एकेकाला बाजूला घेऊन विचारतात, तसं मी एकेका वस्तूला विचारत होते. सगळे निरपराध निघत होते आणि लाडू रोज कमी होत होते.

रोज संध्याकाळी मुलाला फोन.

“आज काय झालं?”

“पुन्हा निळं. अर्धं पान गेलं.”

“प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा टाक.”

“तीनदा टाकला. मी म्हणते, रॅम काढून घासून पाहू का?”

“नाही नाही, रॅमचं नाही ते,” तो घाईने म्हणाला. “कूलरनं खाल्लं आई तुहं मशीन. इतकी वर्षं ओलं वारं देल्लं तू त्याले. बोर्डच सडला असन.”

हे मला पटलं. कूलरवाल्या बाईवर माझा राग होताच. मी कूलरचं तोंड भिंतीकडे केलं आणि घाम पुसत बसायला लागले.

मग एक वाईट दिवस आला. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी मला दोन दुपारी बसवून आपली कहाणी सांगितली होती. लहानपणी कापूस वेचायला जायच्या, तिथून शाळेपर्यंत कशा पोचल्या, ते सगळं. मी त्यांच्याच बोलीत टाइप केलं होतं. निळा पडदा येऊन गेल्यावर ती फाइल उघडेचना. मशीन म्हणे, फाइल खराब आहे. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. आजींचं वय असं की आज सांगितलेलं उद्या सांगायला त्या असतील की नाही, याचा भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. “आजी, पुन्हा सांगा ना.”

“काहून? मांगचं पुसलं का?”

“मशीननं खाल्लं.”

“खाऊ दे, त्याले बी भूक लागत असन,” असं म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. सगळं वेगळं सांगितलं. पहिल्या वेळी शाळेत बापाने नेलं होतं, या वेळी त्या बापाला चुकवून गेल्या. मी विचारलं, खरं कोणतं? म्हणाल्या, “त्यावक्ती तू ऐकाले नवीन होती, म्हणून बापाचं नाव राखलं.”

घरी येताना मला हसू आलं, पण मनातून मी खचले होते. स्मरणिकेची निम्मी पानं व्हायची होती आणि जयंती जवळ आली होती. तोवर मी मशीनला दोष देत होते. आता स्वतःवर शंका यायला लागली. आपणच भलतं बटण दाबतो का? सेव्ह केलं असं वाटतं, पण केलेलंच नसतं का? खुर्चीतून पडले तेव्हा डोक्याला काही लागलं का? मी दरवेळी सेव्ह केल्यावर मोठ्याने “केलं” असं म्हणायला लागले, म्हणजे साक्षीला निदान माझेच कान राहतील. फोनवर मुलाला म्हणाले, “बाबू, खरंच माह्यानं आता होत नाही वाटते.”

पलीकडे तो गप्प झाला. मग म्हणाला, “होते असं, आई. वय आहे. मी येतो ना तुले घ्यायले.” त्याचा आवाज मऊ होता. त्या मऊपणावर मी त्या रात्री शांत झोपले. त्याचा राग मला अजून येतो.

पण हरायचं तर पूर्ण हरावं, असा विचार करून दुसऱ्या दुपारी मी विंडोजमध्येच असते ती मेमरीची तपासणी लावली. मशीन बंद होऊन स्वतःलाच तपासत बसलं. मी तोवर ज्वारीचं पीठ चाळलं. येऊन पाहते तर उत्तर, हार्डवेअरमध्ये दोष आहे. म्हणजे बटणाचा नाही, ड्रायव्हरचा नाही, माझ्या डोक्याचा तर नाहीच. पिठाचे हात तसेच कपाळाला लावले मी.

मग पेस्ट गेली उडत. मशीन आडवं घातलं, स्क्रूड्रायव्हर घेतला. मागे पाहते तर चार स्क्रू.

माझा पहिला विचार काय होता, सांगू? पोरगं किती निगुतीचं, डबीतले दोन शोधून लावून गेलं. मी पंचेचाळिशीतल्या बाईला हसते, पण ही सत्तरीला टेकलेली बाईही काही कमी नाही. मग ड्रॉवर उघडला. डबीत माझे दोन स्क्रू सुईजवळ तसेच होते. म्हणजे त्याने दोन नवे सोबत आणले होते. हिनं उघडू नये एवढीच त्याची इच्छा होती.

झाकण काढलं. धूळ अजिबात नव्हती, ब्लोअरने गेली होती. पण बोअरच्या पाण्याचा क्षार ब्लोअरने जात नाही. मदरबोर्डच्या कडांवर, पंख्याच्या पात्यांवर, कार्डाच्या पट्टीवर, सगळीकडे तो पांढुरका थर होता. बोटाने खरवडला तर चुन्यासारखा निघायचा. त्या बाईने इतक्या उन्हाळ्यांत ओतलेली सगळी माया तिथे जमून बसली होती. रॅमच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. एकीच्या चिपांवर तोच थर. दुसरी लखलखीत. खरचटलेली होती, जुनी होती, पण तिच्यावर आमच्या पाण्याचा एक कणही नव्हता. ती कधी माझ्या घरात राहिलीच नव्हती.

मी ती काढली. मागे अर्धवट फाटलेला स्टिकर होता, ऑफिसच्या सामानाला लावतात तसला. मुलगा कुठे नोकरीला आहे ते मला माहीत आहे. मी फक्त माझ्या क्षार धरलेल्या पट्टीवर मशीन सुरू केलं. हळू चाललं, पण चाललं. तोंड पाडलेला चेहरा आला नाही. सगळे पिवळे त्रिकोण गेले.

आनंद झाला का? नाही. मी बराच वेळ ती पट्टी हातात घेऊन बसले. मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. पैज जेवताना लागली. पट्टी मात्र सकाळीच अकोल्याहून बॅगेत आली होती. म्हणजे बोलणं मी काढलं नव्हतं, त्याने काढलं होतं. मी वरणभात कालवत शहाणपणाने बोलत होते तेव्हा तो उठायची वाट पाहत होता. आणि फोनवर मी “माह्यानं होत नाही” म्हणाले, तेव्हा तो गप्प झाला होता. तिथे तरी सांगायला हवं होतं. त्याने आवाज मऊ केला.

त्याला फोन केला नाही. स्मरणिका पुरी केली. एका पट्टीवर मशीन म्हातारीसारखं चालायचं, मीही तिच्याच चालीने चालले. आजींची कहाणी दुसऱ्या वेळची घेतली. फाइल छापखान्यात वेळेच्या आधी गेली. मग फोन केला आणि एवढंच म्हणाले, “रविवारी येजो. गाडी आणजो. मी बॅग भरून ठेवतो.” आमच्याकडे बायाही असंच म्हणतात, येतो, जातो, ठेवतो. त्याने विचारलं, “स्मरणिका?” मी म्हणाले, “ये तं खरं.”

रविवारी तो आला. दाराशी माझी मोठी बॅग पाहून त्याचा चेहरा असा उजळला की क्षणभर मलाच वाईट वाटलं. त्याने बॅग उचलली, हलकी लागली.

“काय भरलं हे?”

“कूलरच्या जुन्या ताट्या. त्यायनंच खाल्लं ना मशीन? घेऊन जा त्यायले अकोल्याले.”

तो हसला, पण अर्धंच. मी चहा आणला. बशीत बिस्किटाशेजारी पट्टी ठेवली होती. तो बघत राहिला. बिस्कीट घ्यायला निघालेला हात तिथेच थांबला.

“पाहुणी होती,” मी म्हणाले. “पाहुण्याले परत पोचवावं लागते.”

“आई, तू पडली होती. सलाईन लागलं होतं तुले. मले अकोल्यात झोप लागत नव्हती.”

“मंग तसं म्हण ना. पडली होती, म्हणून चल. भांडलो असतो. कदाचित आली बी असती.”

“तू आली नसती.”

“नसती आली. पण डोस्कं फिरलं म्हणून स्वतःले तपासत तरी नसती बसली.”

त्याने पट्टी उलटी करून फाटका स्टिकर झाकला. चहा गार झाला. मग म्हणाला, “ऑफिसमधी एक खराब पट्टी पडली होती. मले वाटलं, मशीन सुरूच होणार नाही, तू कंटाळशील. फाइल जाईन असं नव्हतं वाटलं.”

“माही कुठं आहे?”

तो खाली गेला. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणातून रुमालात गुंडाळलेली माझी पट्टी घेऊन आला. इतके दिवस ती त्याच्याबरोबर अकोल्यात फिरत होती. मी ती घेतली, खोडरबराने घासली आणि खाचेत बसवली. टॉर्च त्याने धरला. कट असा आवाज झाला. मशीन पूर्वीसारखं पळालं. त्याने विचारलं, “झालं ना ठीक?” मी म्हणाले, “मशीनचं झालं.”

पैज मी जिंकले, तेव्हा राजापेठेतच आहे. अकोल्याला जाते, नातवंडांत चार दिवस राहते आणि परत येते. तो येतो, जेवतो, मशीनच्या खोलीच्या दाराशी चपला काढून उभा राहतो आणि विचारतो, “आत येऊ का?” हो म्हणते. आम्ही दोघं नीट वागतो. कूलरचं तोंड आता माझ्याकडे आहे, आणि तांब्या टेबलावर भरलेला असतो. तेवढं मी त्याचं ऐकलं.

फक्त एक गोष्ट बसत नाही. आधी मशीन बिघडलं तर बिघडलेलं असायचं. मागच्या आठवड्यात माऊस चालेना. त्यातला सेल संपला होता, दुसरं काही नाही. पण सेल बदलायच्या आधी मी कॅलेंडरकडे पाहिलं, तो शेवटचा कधी येऊन गेला ते.